रहाटावरची बैठक

बसायला शिकावं लागतं असं मी कुणाला सांगितलं की माणसं हसतात. चालायला शिकतात, पोहायला शिकतात, सायकल शिकतात. बसायचं ते काय शिकायचं? बूड टेकलं की झालं! तर ऐका. नुसतं बूड टेकून काही होत नाही. पाठ असते, मान असते, दोन हात असतात, आणि या सगळ्यांनी एकमेकांशी जमवून घ्यावं लागतं. माझ्यात ते आपणहून कधी जमलं नाही. पाठ माझं ऐकायची नाही, पाय एकमेकांत अडकायचे आणि मान तर स्वतःच्याच मर्जीची. मला जमिनीवर ठेवलं की मी थोडा वेळ विचारात पडल्यासारखी थांबायचे, आणि मग मागे जायचे. नाहीतर डावीकडे. नाहीतर उजवीकडे. कधी पुढे पडले तर घरात बरं वाटायचं, कारण पुढे निदान हात होते.

आता याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात आणि त्यावर मोठमोठी भाषणं होतात. तेव्हा, म्हणजे स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती तेव्हा, आमच्या गावात त्याला नाव नव्हतं. माझी ओळख म्हणजे ‘ती पडते ती’. विहिरीवर बायका आईला विचारायच्या, “आज पडली का गो?” जसं काही मी पडायच्या नोकरीला होते! आणि विचारून झालं की वर ‘बिचारी’. हा शब्द मला अजून चालत नाही. आजही कुणी म्हणालं तर मी उत्तर देते, आणि ते इथे लिहिण्यासारखं नसतं.

आमची वाडी अलिबागच्या खालच्या अंगाला, समुद्राला लागून. सुपारी, नारळ, मधूनमधून केळी. वाडीला कुंपण, आणि कुंपणापलीकडे शाळा, एका खोलीची. त्या खोलीत जे काही व्हायचं ते मला आमच्या अंगणात पडल्यापडल्या ऐकू यायचं. सकाळी प्रार्थना, मग हजेरी, शेवटी पाढे. माझे सगळे पाढे असे कुंपणातून आले, पावकी-निमकीसकट. पलीकडे एखादा पोरगा अडला की मी इकडून उत्तर ओरडायचे. पण माझी जीभ जड. गुरुजींना बरेच दिवस वाटत होतं की आमच्याकडे म्हैस आजारी आहे.

मला शाळेत जायचं होतं. दुसरं काही नको होतं मला. नवीन परकर नको, जत्रेतल्या बांगड्या नकोत. रोज रडायचे, हट्ट करायचे, जेवण लोटून द्यायचे. शेवटी आईने मला कमरेवर घेतलं आणि कुंपणाला वळसा घालून शाळेत नेऊन ठेवलं.

गुरुजी अगदी देवमाणूस. ‘हिला कशाला’ वगैरे काही म्हणाले नाहीत. मुलींच्या रांगेत मला बसकरावर बसवलं. प्रार्थना सुरू झाली आणि मी डावीकडे कलले. डावीकडच्या मुलीवर पडले, ती तिच्या डावीकडच्या मुलीवर, ती पुढचीवर, अशी अख्खी रांग भिंतीपर्यंत आडवी झाली आणि दोन दौती सांडल्या. गुरुजींनी सगळ्यांना उठवलं, मला उठवलं, प्रार्थना पुन्हा सुरू केली. मी पुन्हा पडले. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, मला मधल्या खांबाला टेकवलं आणि पोटावरून उपरणं घेऊन मागे गाठ मारली. मला काय! मी खुशीत. हजेरीत माझं नाव घेतलं तेव्हा मी “हजर” म्हणाले, इतक्या मोठ्याने की कावळे उडाले.

दुपारी आई भाकरी घेऊन आली. दारातून तिने आत पाहिलं. भाकरी खाली ठेवली, सरळ माझ्याकडे आली, खांबामागे जाऊन गाठ सोडली आणि उपरण्याची नीट घडी करून गुरुजींच्या हातात दिली.

“गुर्जी, गोठ्यात बांधलेली हायत तेवढी पुरे. माजी पोर बांधून न्हाय शिकायची.”

गुरुजी बिचारे ओशाळले. (गुरुजींना बिचारे म्हटलेलं चालतं.) म्हणाले, “बाई, मग भिंतीला टेकवून बसवू.”

“टेकवून पन न्हाय. सवताची सवता बसंल तवाच आनीन.”

आता मला सांगा, मला कुणी विचारलं? मला बांधून चाललं असतं, टेकवून चाललं असतं, छताला टांगलं असतं तरी चाललं असतं! मी घरी येईपर्यंत किंचाळत होते आणि वाटेत आईच्या खांद्याला चावले. ती चालतच राहिली. आणि माझी आई एकदा बोलली की संपलं. तिच्या तोंडून निघालेला शब्द मागे फिरल्याचं आमच्या घरात कुणाला आठवत नव्हतं. म्हणजे आता साधा हिशेब झाला: स्वतःची स्वतः बसले तर शाळा, नाहीतर अंगण आणि कुंपण, जन्मभर.

त्यापायी आई-बाबा मला मुंबईला मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. रेवसहून लाँच, पुढे धक्क्यावरून टांगा. डॉक्टर बराच वेळ माझे हातपाय वाकवत होते. मग त्यांनी एक मोठा लोड मागवला, मला त्यावर बसवलं आणि लोड जरासा इकडे-तिकडे हलवला. मी हलले, सावरले, पुन्हा हलले आणि गेले. डॉक्टर खूश! म्हणाले, डोकं शाबूत आहे, तोल तेवढा शिकवायला लागेल. हलत्या गोष्टीवर बसवत जा, रोज, थोडं थोडं. पडायला लागली की लगेच धरू नका. आधी तिला सावरू द्या, मग धरा.

या एका सल्ल्यावरून आमच्या घरात वर्षभर भांडणं झाली. बाबांनी त्यातलं ‘धरू नका’ तेवढं घरी आणलं आणि आईने ‘मग धरा’ तेवढं.

परतीच्या लाँचला समुद्र खवळलेला होता. आई उलट्यांनी बेजार, तिने मला खाली बोचक्यांजवळ ठेवलं आणि कठडा पकडला. सगळी माणसं एकमेकांवर आदळत होती. टोपीवाले, पागोटीवाले, एक भलाथोरला व्यापारी तर माशांच्या पाटीत बसला. आणि बाबांनी बघितलं तर मी बसलेली. कशालाही न धरता. “अगो, बघ, बघ,” बाबा आईला म्हणाले, “सगळी पडतायत, ही बसलीय!” आईने मान वळवली, मला पाहिलं आणि पुन्हा उलटी केली. मला मात्र त्या दिवशी फार मजा आली. सगळं जग माझ्यासारखं वागत होतं.

झालं. हलतं काहीतरी हवं, हे बाबांच्या डोक्यात बसलं. आधी त्यांनी ओळखीच्या कोळ्याची होडी खाडीत आणवली. मला मधल्या फळीवर बसवलं आणि स्वतः उभे राहून होडी हलवायला लागले. होडी हलली, मी बसले आणि बाबा पाण्यात गेले. कोळी इतका हसला की त्याने पुन्हा होडी दिली नाही, म्हणाला, “तुमालाच शिकवा आदी.” मग ओटीवरचा झोपाळा झाला. पण झोपाळ्यावर मी कडी घट्ट धरून ठेवायचे, आणि बोटं सोडवली की सरळ शेणाच्या सारवणावर. आते म्हणायची, आता आणखी सारवू नका, पोर रोज सारवतेच आहे.

आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली ती आमच्याकडेच राहिली. तिला वाडीच्या शेवटच्या टोकाला स्वतःचा अळूचा तुकडा होता आणि जगात जे काही घडेल त्याचा अळूवर काय परिणाम होईल एवढंच ती बघायची. तोंडाने कडक. पण माझ्या केसांना तेल तीच लावायची, आणि ते लावताना मी डुलले तर डोक्यात टपली.

दिवाळी झाली आणि वाडीचं शिंपणं सुरू झालं. ज्यांनी रहाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीवर मोठं चाक, त्यावर लोट्यांची माळ. शेजारी आडवं दातेरी चाक, आणि त्या चाकातून निघालेलं एक लांब लाकूड. लाकडाच्या टोकाला डोळ्यांना झापडं लावलेला रेडा. रेडा गोल गोल फिरतो, चाकं कुरकुरतात, लोटे भरून वर येतात, पाणी पन्हळीत पडतं आणि पाटातून झाडाझाडाला जातं. रेड्याला हाकणारा माणूस त्या लाकडावरच बसतो, पाय सोडून. एका सकाळी रेडा अडून बसला. आई बाजाराला गेलेली, मी बाबांच्या काखेत. दोन्ही हात मोकळे केल्याशिवाय रेडा हलेना, म्हणून बाबांनी गोणपाटाची घडी करून मला लाकडावर ठेवलं आणि स्वतः रेड्याची वेसण धरली. रेडा निघाला. लाकूड निघालं. मी निघाले. अर्ध्या फेरीनंतर बाबांना आठवलं की आपण पोरगी मागे ठेवलीय. वळून बघतात तर मी बसलेली.

तेवढ्यात पडले, ते सोडा.

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा रहाटावर भरली. बाबांनी रेड्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी पेंढा अंथरला, माझ्यासाठी गादी म्हणून. रेड्याला झापडं असली तरी नाक उघडं होतं. तो चालता चालता माझी गादी खायचा. मी पडेपर्यंत बऱ्याचदा गादी रेड्याच्या पोटात गेलेली असायची.

आतेने पहिल्याच दिवशी कपाळावर हात मारला. “अरे, पोरीला रेड्यामागं बसवतोस? यमाचं वाहन हाय ते!”

“यम वर बसतो,” बाबा म्हणाले. “ही मागं बसते.”

मग आते अळूवर आली. आणि तिथे तिचं म्हणणं खरंच होतं. झालं असं, की हाकणाऱ्याच्या तोंडचा आवाज चालू असला तरच आमचा रेडा चालायचा. बाबा ‘हं हं’ करायचे. मी काय म्हणणार? मला पाढे यायचे. मी बे एके बे सुरू केलं. माझ्या जड जिभेचे पाढे कळायला माणसांना वेळ लागायचा, रेड्याला लगेच कळले. बेपासून तिसापर्यंत तो डौलात चालायचा. पण मी पडले की पाढा थांबायचा, पाढा थांबला की रेडा थांबायचा, रेडा थांबला की रहाट थांबायचा, आणि मग पाटाचं पाणी जिथल्या तिथे. म्हणजे मी पडल्याची बातमी अख्ख्या वाडीला पाटातून जायची. केळीपाशी भांडी घासणारी आई बघायची, पाणी आटलं. तशीच राखेच्या हातांनी धावत यायची. आणि वाडीच्या टोकाहून आतेची आरोळी, “पडली गो बाय, पडली! पोरी, तू पडतेस नि माजं अळू सुकतंय!”

आई धावत आली की बाबा हात आडवा करायचे. “धरू नको. सावरंल ती.”

“आता काय सावरंल? खाली पडलीय ती!”

“डाक्टर काय म्हनला?”

“मग धरा म्हनला!”

मी पेंढ्यात, तोंडात माती, आणि ही दोघं माझ्या डोक्यावर डॉक्टरांचं भाषण वाटून घेतायत. मी खालून ओरडायचे, “मला उचला आदी!”

पण हळूहळू पडणं कमी झालं. लाकूड बाहेरच्या बाजूला जरा उतरतं होतं, म्हणून मी चाकाच्या अंगाला कलून बसायला लागले. पाढे म्हणत बसले की पाठीला काय हवंय ते पाठच बघायची. पाय सैल पडायला लागले. शिमग्यापर्यंत तर मी सकाळचं सगळं शिंपण एकटीने करायचे. आतेच्या अळूची पानं सुपाएवढी झाली, आणि पहिल्या वड्या तिने मला दिल्या. वर म्हणाली, “रेड्याला पन दे एक, त्यानं काम केलंय.”

मग बाबांनी जाऊन गुरुजींना सांगितलं, पोर बसते, या बघायला. गुरुजी म्हणाले, घेऊनच या. आम्ही सगळे गेलो. आईने मला नवीन परकर नेसवला होता. आते देवीला नारळ बोलून आली होती. गुरुजींनी मागच्या अनुभवावरून मला रांगेपासून लांब, दाराशी, पाण्याच्या माठाजवळ बसवलं. पोरं माना वळवून बघत होती. मी अर्धी मांडी घातली, पाठ ताठ केली आणि प्रार्थना सुरू झाली.

आणि जमीन हलेना! मी वाट बघितली. आता हलेल, मग हलेल. रहाटावर मी ज्या अंगाला कलायचे त्या अंगाला, डावीकडे, कलले. तिकडे लाकूड नव्हतं, वेग नव्हता, काही नव्हतं. माठ होता. माठ घेऊन मी आडवी झाले. खोलीभर पाणी. बसकरं भिजली, पाट्या भिजल्या, गुरुजींचं धोतर घोट्यापर्यंत भिजलं. शाळा सोडून द्यावी लागली. पोरांनी असा जल्लोष केला की काय सांगू! एक जण जाता जाता म्हणाला, “उद्या पन आना हिला.”

मी रडले. घरी आल्यावर रडले, जेवताना रडले, आतेने तेल लावताना रडले. माठ फुटला म्हणून नाही. मला वाटलं होतं मी बसते, आणि मी बसत नव्हते, रहाट मला बसवत होता. आते म्हणाली, “माज्या अळूला पानी मिळंना, नि ही शाळेला शिंपून आली,” पण या खेपेला टपली मारली नाही.

त्यानंतर बाबा मला अंगणात बसवून दिवसभर माझ्याभोवती फिरत होते. मधेच एका खांद्याला बोट लावून जरा ढकलायचे. मग दुसऱ्या. पुन्हा पहिल्या. आते म्हणाली, हा आता कामातून गेला. संध्याकाळी बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. उजवीकडे ढकललं की मी सावरत होते; डावीकडे ढकललं की सरळ पडत होते. रहाट कायम एकाच दिशेने फिरतो. चाक कायम माझ्या डाव्या हाताला. मी बसायला शिकले होते, पण एकाच अंगाने!

आता रहाट काही उलटा फिरवता येत नाही. उलटा फिरवला तर लोटे तोंड खाली करून येतात, पाणी विहिरीतच. तेव्हा रेडा तसाच चालणार, रहाट तसाच फिरणार. फिरवायची ती मला. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला लाकडावर उलटी बसवली. रेड्याकडे पाठ, तोंड मागे.

आते किंचाळली. “अरे मेल्या, उलटी बसवून धिंड काढतात गावात! गाढवावरनं! पोरीनं काय चोरी केलीय का?”

कुंपणापलीकडच्या पोरांनाही हेच वाटलं. मधल्या सुट्टीत ती कुंपणाशी जमायची आणि टाळ्या वाजवून ‘धिंड, धिंड’ म्हणायची. मी त्यांना शिव्या द्यायचे. आतेकडून शिकलेल्या सगळ्या. आणि गंमत अशी, की शिव्यांवरही रेडा चालायचा.

उलटं बसणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पाणी थांबतंय, पुन्हा आई राखेच्या हातांनी धावतेय, पुन्हा आतेच्या अळूची आरोळी. पुढचं दिसत नाही, सगळं मागे जाताना दिसतं. पण उजवं अंग हळूहळू शिकलं. मग बाबांनी नवीनच खोड काढली. मधेच म्हणायचे, “गप.” मी पाढा थांबवायचे, रेडा थांबायचा, लाकूड हिसका देऊन उभं राहायचं. तो हिसका फार वाईट. चालत्यावर कुणीही बसेल हो, थांबल्यावर बसून राहायचं कठीण. आधी तर मी प्रत्येक ‘गप’ला खाली. आई म्हणायची, “अवो, पोरगी हाय, नारळ न्हाय तो पाडायला!” पण मला कळत होतं. शाळेची जमीन अशीच थांबलेली असणार होती. मी स्वतःच बाबांना सांगायचे, “परत गप म्हना.”

मृग लागायच्या आधी रहाट बंद झाला. शेवटच्या सकाळी बाबांनी मला एकदा सुलटी आणि एकदा उलटी बसवली, आणि दोन्ही वेळा गप म्हणाले. पाणी थांबलं. वाडीच्या टोकाहून आते आली, केळीपाशी आई उठली. मी बसलेली होते. आई जवळ आली आणि तिने मला धरलं नाही. नुसती बघत उभी राहिली.

जूनमध्ये शाळा उघडली. आईने मला कमरेवर नेलं, वर पावसासाठी पानांचं इरलं. या वेळी तिने मला नवीन परकर नेसवला नाही, आतेनेही नारळ बोलला नाही. मागच्या खेपेला देवीला उगाच त्रास झाला म्हणाली. गुरुजींनी नवीन माठ खिडकीवर चढवून ठेवलेला. मला मुलींच्या रांगेत बसवलं. डावीकडची मुलगी हळूच दूर सरकली. आई पायरीवरूनच मागे फिरली. बघवत नव्हतं तिला.

प्रार्थना झाली. मी बसले होते. हजेरी झाली. मी “हजर” म्हणाले तेव्हा जरा डुलले, उजवीकडे, मग डावीकडे, मग मध्ये. डावीकडची मुलगी पुन्हा जवळ सरकली. गणित झालं, पाढे झाले. गुरुजींनी मला तेराचा पाढा विचारला. मी म्हटला आणि थांबले, आणि काही झालं नाही. बसलेच होते. दुखत होतं. पाठीतून आग निघत होती. पण मी कुणाला सांगितलं नाही. कशाला सांगू!

घंटा झाली. पोरं पाट्या उचलून पावसात पळाली. गुरुजी त्यांच्यावर ओरडत पडवीत गेले. खोली रिकामी झाली, आणि मी बसलेलीच. कारण माझ्या लक्षात आलं की वर्षभर मला सगळ्यांनी बसायला शिकवलं होतं आणि उठायला कुणीच शिकवलं नव्हतं!

आई दारात आली. पोरं गेली, मी आले नाही, म्हणजे काय झालं असणार हे तिने ठरवलंच होतं. तोंड पांढरं पडलेलं. “काय गो? पडलीस?”

“न्हाय.”

“कुनी धरली?”

“न्हाय.”

“मंग उठ की!”

“उठायला कुठं शिकवलंत?”

तिला हसू फुटलं. माझी आई फार हसायची नाही, पण त्या दिवशी ती दाराची चौकट धरून हसली, पोट धरून हसली, आणि हसता हसता आत आली आणि माझ्या शेजारी बसकरावर बसली. ती कधी शाळेत बसली नव्हती. तिने फळ्याकडे बघितलं, खिडकीतल्या माठाकडे बघितलं. “हितं बसतात व्हय,” म्हणाली.

“व्हय,” मी म्हटलं. “हितंच.”

मग तिचं हसू कुठेतरी फिरलं आणि ती रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. रडता रडता तिने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. डाव्या. सगळा भार. तिच्या मनात आलंच नाही की मी पडेन. मी उजवा हात जमिनीवर रोवला, पाठ ताठ केली आणि श्वास रोखून धरला. आईला असं कुणावर टेकलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. बाबांवर नाही, आतेवर नाही, कुणावरच नाही. पाठ म्हणत होती, पडू या. मी म्हटलं, अजिबात नाही. ती रडत होती, आणि मी बसले होते.